पगार घेऊनच नोकरी केली ना, मग माजी सैनिकांना वेगळा मान कशासाठी?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: माजी सैनिकांनी नोकरी केली, पगार घेतला, आता पेन्शन आणि लष्करी कँटीनची सवलत घेतायत, मग शिक्षक, शेतकरी, गटार साफ करणारा यांच्याहून त्यांना वेगळा मान का? प्रश्न खवचट नाही, रास्त आहे. मीही एकेकाळी हेच म्हणायचे, आणि म्हणायचे ते पेन्शनच्या काउंटरमागे बसून.

गोव्यात फोंड्याला बँकेत होते मी. शेवटची काही वर्षं पेन्शनचं काम माझ्याकडे होतं. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा महिना. आपण अजून जिवंत आहोत हे पेन्शनराने वर्षातून एकदा दाखवायचं, नाही दाखवलं तर पेन्शन थांबतं. पूर्वी कागदावर सही केली की काम व्हायचं. २०१४ मध्ये जीवन प्रमाण आलं. मशीनवर बोट ठेवायचं, आधारशी जुळलं की दाखला तयार.

२०१७ च्या नोव्हेंबरात एका गुरुवारी एक हवालदार आले. सत्तरी तालुक्यातलं गाव, वाळपईला येऊन दुसरी बस धरून फोंड्याला. मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत. बोट ठेवलं, लाल दिवा. पुसून ठेवलं, लाल. मी म्हटलं, "काका, नीट दाबून धरा." त्यांनी दाबलं. मग दहाही बोटं आळीपाळीने ठेवायला लावली. मागे रांग वाढत होती. शेवटी माझं ठरलेलं वाक्य टाकलं, "आधार अपडेट करून या, मग बघू." ते "बरं गे बाय" म्हणाले आणि गेले.

सोमवारी परत आले, तीच बोटं घेऊन. आधारवाल्याच्या मशीननेही ती घेतली नव्हती.

आमच्या दारात बंदूकवाला असायचा, तोही फौजेतून आलेला. लोक त्याला वॉचमन म्हणायचे आणि पैसे भरायच्या स्लिपा त्याच्याकडून लिहून घ्यायचे. दार सोडून तो सहसा आत यायचा नाही. त्या दिवशी आला. "राम राम साब" म्हणाला, हवालदारांचा हात धरून उलटा केला आणि एवढंच विचारलं, "ग्लेशियर?"

"हां. एकच टेन्योर."

ग्लेशियर म्हणजे सियाचीनची हिमनदी, टेन्योर म्हणजे तिथली नेमणूक. तेव्हा मी तो हात पहिल्यांदा नीट पाहिला. उजव्या हाताच्या दोन बोटांची शेवटची पेरं नव्हतीच, पुढचं टोक गोल होऊन बसलेलं. बाकीच्या बोटांची कातडी मेणासारखी गुळगुळीत, रेघ म्हणून नाही. हीच बोटं गुरुवारी मी एकेक करून काचेवर दाबायला लावली होती.

आणि कागदी फॉर्मची सोय तेव्हाही होती हो! बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही केली की भागत होतं. मला ते ठाऊकही होतं. मशीन आलं म्हणून ते फॉर्म आम्ही खालच्या ड्रॉवरमध्ये टाकले होते, एवढंच. सहा मिनिटांचं काम, त्यासाठी त्या माणसाच्या दोन फेऱ्या.

आता पगाराचं. पगार मीही घेतला, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं ते माझ्याच नोकरीत. मी किती संपांवर गेले याचा हिशेब नाही. पणजीला मोर्चात घोषणा दिल्यात, वेतनकरार रखडला म्हणून काळ्या फिती लावल्यात. एकदा कारवारला बदली झाली तर युनियनच्या ओळखीने ती फिरवूनही घेतली. यातलं एकही सैनिकाला करता येत नाही. राज्यघटनेचं कलम ३३ संसदेला सांगतं की सैन्यातल्या माणसाचे मूलभूत हक्क तुम्ही कमी करू शकता, आणि १९५० च्या आर्मी ॲक्टने ते केलेत. युनियन नाही, मोर्चा नाही, परवानगीवाचून पेपरवाल्याशी बोलायचं नाही. मनात आलं म्हणून राजीनामा फेकून घरी जाता येत नाही. लढाईच्या कामगिरीवर असताना पळून गेलात तर त्याच कायद्यात मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. आम्ही दिवसाचे आठ तास विकले. त्याने "नाही" म्हणायचा हक्कच गहाण ठेवला, तोही अठरा-एकोणीसच्या वयात, जेव्हा आपण काय गहाण टाकतोय ते कळतही नसतं.

(सत्तरीच्या मातीत "नाही" म्हणणारे सैनिकही होऊन गेलेत. १८९५ मध्ये पोर्तुगीज सैन्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकला पाठवायचा हुकूम निघाला, त्यांनी तो धुडकावला आणि सत्तरीच्या राणे घराण्यातले दादा राणे त्यांना मिळाले. केवढं बंड झालं! शिपायाने नाही म्हटलं तर त्याला राजीनामा कुणी म्हणत नाही, बंडच म्हणतात.)

गोव्यात राहून हा प्रश्न विचारताना आणखी एक गोष्ट आठवावी लागते. १९ डिसेंबरची, गोवा मुक्तिदिनाची सुट्टी आपण घेतो. १९६१ मध्ये पोर्तुगीजांकडून गोवा सोडवणाऱ्या ऑपरेशन विजयमध्ये ७ कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू आग्वाद किल्ल्यापाशी मारले गेले. ते तिथे गेले होते तुरुंगातल्या राजकीय कैद्यांना सोडवायला. कैदी आपले, गोंयकार. हा माणूस पंजाबचा शीख, त्याची ना इथे जमीन, ना नातं, ना भाषा. त्याच वेळी अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जण पडले. त्यांचं स्मारक नौदलाच्या आयएनएस गोमंतक या तळावर आहे. आग्वादच्या त्या तुरुंगाचं २०२१ मध्ये संग्रहालय झालं. मी भाच्याला घेऊन गेले होते, तर जिकडे तिकडे फोटो काढणं चाललेलं. काढू देत, जागा सुंदरच आहे. पण सिद्धूंनाही महिन्याचा पगार होताच की. त्या पगारात ते मरण बसतं का, ते तुम्हीच मांडून बघा.

शत्रूची गोळी लागली तरच त्याग, अशीही एक समजूत असते. सियाचीनवर १९८४ च्या एप्रिलपासून आपलं सैन्य आहे. तिथे गोळीपेक्षा थंडीने, हिमकड्यांनी आणि उंचीने जास्त माणसं नेली. २००३ च्या नोव्हेंबरपासून तिथे शस्त्रसंधी आहे, म्हणजे गोळीबार बंद. तरी २०१६ च्या फेब्रुवारीत सोनम पोस्टवर बर्फाचा कडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटच्या तुकडीतले दहा जण गाडले गेले. त्यातले लान्स नायक हनमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण पुढे दिल्लीच्या इस्पितळात वारले. ते आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या धारवाड जिल्ह्यातले. त्या आठवड्यात आमच्या शाखेत टीव्हीसमोर सगळे उभे होते, मीसुद्धा. आणि पुढच्याच वर्षी त्याच हिमनदीवरून आलेला हात माझ्यासमोर होता, तर मी "नीट दाबा" म्हणाले.

रिटायर होण्याचं वयही लक्षात घ्या. शिपायाला १५ वर्षांच्या नोकरीवर पेन्शन लागू होतं, म्हणजे पस्तिशी-चाळिशीत माणूस घरी. मुलं शाळेत, आईबाप थकलेले, आणि हातात असलेलं काम बाहेर कुणाला नको. मग एटीएमच्या दारात नाहीतर हॉटेलच्या गेटवर उभं राहायचं. आता अग्निवीर तर चारच वर्षांचे, त्यातले जास्तीत जास्त पाव पुढे कायम, बाकीच्यांना पेन्शनही नाही. त्यांच्याबद्दल वीस वर्षांनी असाच प्रश्न कुणी विचारला तर काय उत्तर द्यायचं, मला सुचत नाही.

गटारात उतरणाऱ्याचं तुम्ही लिहिलंत ते मला पटतं. तोही मरतो, आणि त्याच्यामागे बिगूलही वाजत नाही. कायद्याने त्याला "नाही" म्हणता येतं, गरिबीने येत नाही. त्याला मान द्यायला कुणी अडवलेलं नाही; सैनिकाचा काढून त्याला द्यावा लागेल, असं काही नाही.

आणि सगळेच फौजी देवमाणसं असतात असं मी म्हणणार नाही. बायकोला मारणारा सुभेदार मी पाहिलाय. कँटीनच्या रमवरून भांडणारे पाहिलेत. टीव्हीवर मिशा पिळून युद्ध मागणारे तर रोजच दिसतात, ते सुरू झाले की मी चॅनल बदलते. मान द्यायचा म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत, असा अर्थ कुणी काढत असेल तर तो मला मान्य नाही. उलट २०१५ मध्ये वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे एकाच हुद्द्यावर सारखीच नोकरी केलेल्यांना सारखंच पेन्शन मिळावं म्हणून, म्हातारे फौजी दिल्लीत जंतरमंतरवर बसले, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली, "सैनिकांना हे शोभतं का?" म्हणून. मला वाटलं, का नाही शोभत? आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडायचा हक्क परत मिळालाय, वापरू दे की. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी त्यांना तिथून ओढून काढलं, ते मात्र आपल्याला शोभलं नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय, मान द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, भेटेल त्याला थँक्यू म्हणायचं का? आपल्याकडे आईलाही कुणी थँक्यू म्हणत नाही, तेव्हा ते जमणं कठीण. मी मात्र हाच प्रश्न त्या हवालदारांना विचारला होता. दुसऱ्या वर्षी ते आले तेव्हा फॉर्म मी आधीच भरून ठेवला होता, फक्त सही हवी होती. अपराधीपणाच म्हणा. वर विचारलं, "काका, तुमच्यासाठी आणखी काय करू?"

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "बाय, ती खुर्ची काउंटरच्या जरा जवळ घे. गुडघे गेलेत, आणि तिथून माझा नंबर ऐकू येत नाही."