पहिल्या वर्षी वसतिगृह की मैत्रिणींसोबत फ्लॅट?

प्रश्न : माझ्या मुलीला पुण्यात कर्वेनगर परिसरात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आहे. महाविद्यालयाच्या वसतिगृहात चौघींच्या खोलीत जागा मिळते आहे; परंतु तिच्या गावाकडच्या तीन मैत्रिणी नऱ्हे येथे महिना २४ हजार रुपये भाड्याचा फ्लॅट घेणार असून, तिलाही तिकडेच जायचे आहे. वसतिगृहाचे वर्षाचे शुल्क एकदम भरावे लागते आणि मेसचे जेवण बरे नसते, असे तिचे म्हणणे आहे. आम्ही अल्पभूधारक शेतकरी आहोत. काय करावे?
– एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : पहिल्या वर्षापुरते वसतिगृहच घ्यावे, असे माझे मत आहे. मी अनेक वर्षे मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, तेव्हा या मतात थोडा पक्षपात असणार, हेही आधीच सांगून टाकते.

चौघींत भागून प्रत्येकी सहा हजार, हा फ्लॅटचा हिशेब चौघीही वर्षभर टिकल्या तरच खरा ठरतो. अभियांत्रिकीचे प्रवेश कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, अनेक फेऱ्यांतून होतात आणि पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, की मुले शहरसुद्धा बदलतात. एक मुलगी अशी निघून गेली, तर उरलेल्या तिघींवर आठ-आठ हजारांचा भार येतो. अनामत रक्कम अडकते, आणि वीजबिल, गॅस, पाण्याचे जार कोणी किती भरायचे यावरून बालपणीच्या मैत्रीतही कुरबुरी सुरू होतात. त्यात पाठीवर सॅक आणि हातात ड्रॉइंग शीटची नळी घेऊन, नवले पुलाच्या वाहतुकीतून रोज कर्वेनगर गाठायचे, हा त्रास भाड्याच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

मेसबद्दल तिने ऐकले आहे ते खरेच आहे. दुपारची उसळ रात्री रश्शात भेटते, हा माझाही अनुभव आहे. मात्र पहिल्या सत्रात परीक्षेच्या आदल्या रात्री ताप चढला, तर रिक्षा बोलावून दवाखान्यात नेणारी, आणि गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून देणारी, तिसऱ्या वर्षाची मुलगी शेजारच्याच खोलीत असते.

अर्थात, वसतिगृह डोळे झाकून घेऊ नये. सकाळी कार्यालयात जाऊन छापील माहितीपत्रक घेण्यापेक्षा संध्याकाळी सातच्या सुमारास मुलीसह तेथे जावे. परवानगी मिळाल्यास मुलीने सर्वांत वरच्या मजल्यावरचा नळ सोडून पाहावा. पाण्याची खरी परिस्थिती तेथे कळते. जिन्यात भेटणाऱ्या मुलींना तिनेच विचारावे, कारण वडिलांसमोर त्या मोकळेपणाने बोलणार नाहीत. रेक्टरांना मात्र आपण विचारावे, की दिवाळीत आणि सत्रांच्या मधल्या सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का, गावी गेल्याच्या दिवसांचे मेसचे पैसे वजा होतात का, आणि पुढच्या फेरीत मुलीचेच महाविद्यालय बदलले तर शुल्कातील किती रक्कम परत मिळेल. उत्तरे लेखी नियमावलीत दाखवा, असे म्हणण्यात संकोच बाळगू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या रॅगिंगविरोधी नियमांनुसार नव्या विद्यार्थ्यांची निवासव्यवस्था शक्यतो वेगळी असावी लागते. ती तेथे कशी केली आहे, हेही पाहून घ्यावे.

काही कारणाने वसतिगृहाची जागा हुकलीच, तर नऱ्ह्याला न जाता महाविद्यालयापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, शक्यतो घरमालकीण त्याच घरात राहते अशा ठिकाणी, कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीतील एका खाटेपुरती, जागा शोधावी. पुढे कधी फ्लॅट घ्यायची वेळ आलीच, तर भाडेकरार नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार ती नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.

शुल्क हप्त्यांनी भरता येईल का, यासाठी प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यावा. त्याशिवाय व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिकणाऱ्या अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे आणि तिचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरता येतो. अल्पभूधारक असल्याचा दाखला तहसील कार्यालयातून आताच काढून ठेवावा, कारण प्रवेशाच्या दिवसांत तेथेही रांगा लागतात.