गणित प्रश्नोत्तरे : भागाकाराच्या आधी एकक पाहा

घटक चाचणी झाली की गुणोत्तर-प्रमाणावर तेच ते प्रश्न येतात. म्हणून ही उत्तरे एकत्र देत आहे.

वर्गात 18 मुली आणि 12 मुलगे. मुलग्यांचे मुलींशी गुणोत्तर 3:2 लिहिले म्हणून गुण कापले. एवढे काटेकोर कशाला? (पालक, मिरज)

उत्तर चूक आहे म्हणून. ज्याचा उल्लेख आधी, त्याची संख्या आधी: 12:18, म्हणजे 2:3.

गुणोत्तराला एकक लिहायचे का? (सहावीतील विद्यार्थिनी, विटा)

नाही. पण दोन्ही राशी आधी एकाच एककात आण. 50 पैशांचे 2 रुपयांशी गुणोत्तर 50:200, म्हणजे 1:4. दराला मात्र एकक हवेच.

तेलाचा 15 लिटरचा डबा 2,250 रुपयांना, 15 किलोचा 2,400 रुपयांना. मुलीने एकमान पद्धतीने, म्हणजे एकाची किंमत काढून, 150 आणि 160 मिळवले आणि पहिला स्वस्त ठरवला. दुकानदारही तेच म्हणतो. (पालक, तासगाव)

दुकानदाराचे सोडा, त्याला डबा विकायचा आहे. मुलीचा भागाकार बरोबर आहे, तुलना चुकली. 150 रुपये लिटरचे, 160 किलोचे. एक लिटर खाद्यतेल साधारण 910 ग्रॅम भरते. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात तेल सुमारे 13.65 किलोच. 2,250 ला 13.65 ने भागा, किलोला जवळजवळ 165 रुपये पडतात. स्वस्त म्हणून घेतलेला डबा महाग निघाला! मुले एकक न पाहता भागाकाराला धावतात याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण बाजार नेमका त्यावरच चालतो. लिटरच्या पिशवीशेजारी तशीच दिसणारी 850 किंवा 750 ग्रॅमची पिशवी ठेवलेली असते आणि आपण फक्त किंमत वाचतो. पाकिटावर एमआरपीजवळ प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दर छापलेला असतो. मुलीला दुकानात न्या, तो शोधायला लावा आणि स्वतः भागून पडताळायला सांगा. छापील वजनाबद्दल शंका असेल तर दुकानात वाद घालू नका, वैधमापन कार्यालयात विचारा.

सांगलीहून साताऱ्याला ताशी 60 किमीने गेलो, 40 ने परतलो. सरासरी 50 ना? (सातवीतील विद्यार्थी, इस्लामपूर)

नाही, 48. अंतर 120 किमी धर: जाताना 2 तास, येताना 3. 240 भागिले 5. पटत नसेल तर दुसरे अंतर घेऊन कर आणि वही सरांना दाखव.

मुलगा सातवीत आहे, गुणोत्तर-प्रमाण अजून जमत नाही. नातेवाईक म्हणतात, मोठा झाला की आपोआप येईल. एका क्लासवाल्यांनी महिन्याभरात पक्के करून देण्याची हमी दिली आहे. (पालक, कराड)

आपोआप काही येत नाही, आणि मुलाची वही न पाहता हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. शेकडेवारी, नफा-तोटा, व्याज सगळे यावरच उभे आहे, त्यामुळे वार्षिक परीक्षेची वाट पाहू नका. बहुतेक वेळा अडचण गुणोत्तरात नसते, पाचवीच्या सममूल्य अपूर्णांकांत असते. या आठवड्यातच वही घेऊन गणिताच्या शिक्षकांना भेटा. घड्याळ आणि सुट्टे पैसे यांतही तो सतत गोंधळत असेल, तर शाळेच्या समुपदेशकांशी बोला.