ओंडक्यावरची अळंबी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : परसात पडलेल्या आंब्याच्या ओंडक्यावर पांढरट-करड्या अळंब्यांचे थरावर थर आलेत. फोटो पाठवला आहे. बाजारातली धिंगरी ती हीच का? भाजी केली तर चालेल? – एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : फोटो वरून काढलेला आहे आणि लाकडावरच्या अळंबीची खरी ओळख खालच्या बाजूला असते. एक अळंबी थोड्या सालीसकट सुरीने काढून उलटी करा. खाली बारीक छिद्रं दिसली तर ती धिंगरी नव्हे. उभे पातळ पडदे असतील तर ते देठाला कसे मिळतात ते बघा. धिंगरीचा देठ आखूड, मधोमध नसून एका कडेला असतो आणि पडदे देठावरून खाली उतरत जातात. देठावर कडं नसतं. अळंबी नखाएवढी, वरून लव असलेली आणि प्रत्येक पडद्याची कड लांबीने चिरलेली असेल तर ती धिंगरी नव्हे, शायझोफायलम ही वेगळी अळंबी. आपल्याकडे वाळक्या फांद्यांवर ती सर्रास दिसते.

यानंतर बीजाणूंचा, म्हणजे पडद्यांतून गळणाऱ्या बारीक पुडीचा, ठसा घ्या. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद ठेवून त्यावर काच ठेवा. देठ कापून छत्री पडद्यांची बाजू खाली करून काचेवर ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर हलवू नका. भिजलेली अळंबी ठेवली तर ठसा फिसकटतो, म्हणून आधी फडक्यावर निथळू द्या. फार कोवळी किंवा कुजायला लागलेली छत्री ठसा देतच नाही. धिंगरीचा ठसा पांढरा किंवा किंचित जांभळट-करडा येतो. तपकिरी आला तर ती धिंगरी नाही. क्रेपिडोटस ही बिनदेठाची, अगदी धिंगरीसारखी दिसणारी जात असाच ठसा देते. गॅलेरिना या विषारी अळंबीचाही ठसा तपकिरीच. तिच्या देठावर बहुधा बारीक कडं असतं आणि तिच्यातलं विष यकृत निकामी करतं.

मात्र ठसा पांढरा आला म्हणजे चूल पेटवायची, असंही नाही. ओम्फॅलोटस गटातल्या अळंब्या लाकडावरच येतात, त्यांचाही ठसा फिकट असतो आणि खाल्ल्यावर जोराच्या उलट्या होतात. त्यामुळे फोटोवरून ‘खा’ असं आम्ही सांगणार नाही. ताजे नमुने, कोवळा आणि जून दोन्ही, कागदी पिशवीत घालून जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजून कुजतात. सोबत झाडाचं नाव लिहून द्या.

खानापूर भागातल्या जाणत्या बायका वारुळावरची अळंबी अचूक ओळखतात, पण ती मातीतून लांब मुळासारख्या देठावर येते. ती पारख ओंडक्यावर लागू पडत नाही. चांदीचं नाणं काळं पडणं, लसूण किंवा हळदीचा रंग बदलणं, अळंबीला किडे लागलेले असणं, यातली एकही खूण विष ओळखत नाही. यकृतावर जाणारं विष शिजवूनही जात नाही. त्याच्या उलट्या-जुलाब सहसा 6 ते 24 तासांनी सुरू होतात, मग बरं वाटल्यासारखं होतं आणि त्याच वेळी यकृत बिघडत असतं. म्हणून बरं वाटलं तरी दवाखाना टाळू नका. उरलेली अळंबी सोबत न्या.

प्रश्न : फणसाच्या बुंध्याला लाकडासारखी टणक, चकचकीत तांबूस फळी फुटली आहे. ती काढली तर झाड वाचेल? – एक वाचक, नंदगड

उत्तर : वर्णनावरून ती गॅनोडर्मा ही लाकूड कुजवणारी बुरशी दिसते. खालच्या पांढरट छिद्रांतून कोकोसारखी तपकिरी पूड पडत असेल तर शंका उरत नाही. फळी तोडून उपयोग नाही. बुरशीचे धागे मुळांत आणि बुंध्याच्या लाकडात पसरलेले असतात, फळी हे फक्त त्यांचं फळ. बुंधा हातोड्याने ठोकून बघा. पोकळ आवाज येत असेल, शेंडा वाळत असेल आणि झाड घराकडे कललं असेल तर पुढच्या पावसाची वाट न बघता, लागणारी परवानगी घेऊन ते उतरवा. बुंधा आणि मुळं खणून काढा, नाहीतर शेजारच्या झाडाला लागण होते. तसं नसेल तर बुंध्याशी पाणी साचू देऊ नका आणि कुदळीने मुळं दुखवू नका.

प्रश्न : कणकुंबीकडे पावसाळी रात्री कुजकं लाकूड हिरवट उजळतं. ते फॉस्फरस का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. लाकडातल्या जिवंत बुरशीत ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन हा थंड उजेड पडतो. लाकूड वाळलं की तो जातो, म्हणून घरी आणून काही दिसत नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर काहीच उचलू नका.