दोन इमारतींमधलं छप्पर: घट्ट कुठे, सैल कुठे?

प्रश्न: घोडबंदर रोडला आमच्या दोन विंगांमध्ये १२ मीटरचा चौक आहे. त्यावर पॉलिकार्बोनेटचं (पारदर्शक, मजबूत प्लास्टिकचं) छत हवंय. फॅब्रिकेटर म्हणतो, गर्डर दोन्हीकडे वेल्ड करतो, हलणारच नाही.

तेच नको आहे. तापमानात ४० अंशांचा फरक पडला की १२ मीटरचा पोलादी गर्डर जवळपास ६ मिमी लांबतो. तेवढं एक वेळ निभावेल, पण भूकंपात दोन्ही विंगा आपापल्या लयीत झुलतात आणि वेल्ड केलेला गर्डर त्यांच्यामध्ये काठीसारखा अडकतो. एक टोक पिनवर (जागचं हलणार नाही, पण फिरू शकेल असं) धरा, दुसरं टेफ्लॉनच्या बेअरिंगवर सरकू द्या. किती सरकेल ते दोन्ही इमारतींचं झुलणं मिळवून ठरवायचं, आणि चौकाच्या लांबीच्या दिशेनेही वाव ठेवायचा. हे दुसरं बहुतेक ड्रॉइंगांत सुटलेलं दिसतं.

सरकणारं टोक वर मात्र उचललं जाता कामा नये. पोकळ पॉलिकार्बोनेटचं वजन चौरस मीटरला जेमतेम दोन-तीन किलो. आयएस ८७५ मध्ये (इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात) मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ११८ किलो दाब. छताचा आकार, उंची, आडोसा यांप्रमाणे हिशेब बदलतो, पण हलक्या छताला खरी भीती वाऱ्याने उचललं जाण्याचीच. म्हणून बेअरिंगला वरून अडवणारी पकड हवीच. शीटच्या बोल्टची भोकंही मोठी ठेवा: तेवढ्याच फरकात ६ मीटरची शीट १५ मिमीहून जास्त वाढते.

प्रश्न: ऐरोलीतल्या आमच्या ऑफिस इमारतींमध्ये गर्डरऐवजी केबल ताणून, पॅरापेटला बांधून चालेल का?

केबल चालेल. पॅरापेट अजिबात नाही, ती नुसती आडोशाची भिंत. केबल स्लॅबच्या बीमला किंवा कॉलमला धरायची, तीही तो ओढा त्यांना पेलतो का हे तपासून. केबल जितकी सपाट, तितकी ओढ जास्त: १२ मीटर स्पॅनवर मीटरला १०० किलो भार असेल, तर १.२ मीटर झोळ (मध्यभागी खाली लोंबणं) ठेवल्यास आडवी ओढ १.५ टन, ३० सेंटीमीटर ठेवल्यास ६ टन! दिसायला सपाट केबल छान, पण मी झोळच मागेन. वाऱ्याच्या उचलीसाठी खालून उलट्या बाकाची दुसरी केबलही लागते.

प्रश्न: वाशीत आमच्या छताच्या कडेची फट दर पावसाळ्यात गळते. सिलिकॉन भरून कंटाळलो.

हलणाऱ्या फटीत सिलिकॉन टिकत नाही. पत्र्याची पट्टी फक्त इमारतीच्या भिंतीला ठोका आणि छतावर नुसती झुकू द्या, खाली गटार घ्या. आग लागली तर धूर बाहेर पडायला ठेवलेली जागा मात्र बुजवू नका.