वाचकांचे प्रश्न : इतिवृत्त कन्नडमध्ये, सही माझी

प्रश्न : अध्यक्षपद महिलेसाठी राखीव झाल्याने मी आमच्या ग्रामपंचायतीची अध्यक्षा झाले. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले आणि सभेचे इतिवृत्त कन्नडमध्ये असते. त्यामुळे कागद पाहण्याचे काम यजमानांकडेच गेले आहे. पाण्याच्या ठरावाचे काय झाले, असे बचत गटातल्या बायका विचारतात, तेव्हा मला उत्तर देता येत नाही. मी काय करावे? — एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : कन्नड वाचता न येणे ही एक अडचण आहे आणि आपल्या नावाचा कारभार दुसऱ्याने चालवणे ही अगदी वेगळी. पहिली पुढे करून दुसरी चालू ठेवण्याचे प्रकार सीमाभागात नवे नाहीत. वित्त आयोगाच्या निधीतील देयके डिजिटल सहीने ऑनलाइन दिली जातात. त्या सहीची यूएसबी चावी आणि पासवर्ड यजमानांच्या खिशात असतील, तर कोणत्या बिलाला मंजुरी गेली हे आपल्याला कळणार नाही, आणि उद्या चौकशी लागलीच तर उत्तर मात्र आपल्यालाच द्यावे लागेल. ती चावी आजच आपल्या ताब्यात घ्यावी.

सभेचे अध्यक्षस्थान आपले आहे. सही करण्यापूर्वी पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) प्रत्येक ठराव वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगावा, असा आग्रह आपण धरावा आणि ठरावाचा क्रमांक, काम, वॉर्ड व रक्कम तिथल्या तिथे आपल्या वहीत मराठीत उतरवून घ्यावी. राज्यघटनेच्या 350 व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. तेव्हा गटातल्या बायकांनी अर्ज मराठीतच द्यावा, फक्त पोच घेतल्याशिवाय परतू नये. याच्या जोडीने आपण कन्नड वाचायलाही शिकावे, हे मी स्पष्टच लिहितो. मराठी कागदपत्रांची मागणी त्यामुळे लंगडी पडत नाही.

पाण्याची मागणी वॉर्ड सभेत आणावी, कारण ग्रामसभेची ती आधीची पायरी आहे. नुसते ‘पाणी नाही’ असे न म्हणता कोणत्या गल्लीत, कोणत्या बोअरवेलवर, कधीपासून आणि किती घरांना पाणी मिळत नाही, हे लिहून द्यावे. जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गावच्या पाणी व स्वच्छता समितीत किमान निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्याकडच्या समितीतील नावे एकदा मागवून पाहावीत.

प्रश्न : चंदगड तालुक्यातील माझी बहीण थेट मतदानाने सरपंच झाली. आमच्याकडे तसे का नाही? — एक सदस्या, बेळगाव तालुका

उत्तर : दोन राज्यांचे कायदे वेगळे आहेत. महाराष्ट्रात 2022 पासून सरपंच पुन्हा थेट निवडला जाऊ लागला. कर्नाटकात सदस्य आपल्यातूनच अध्यक्ष निवडतात आणि हे पद अडीच वर्षांचे असते. एरवी महिलांच्या जागांबाबत कर्नाटक मागे नव्हते : 1983 च्या कायद्याने येथे 25 टक्के जागा महिलांसाठी राखल्या गेल्या व 1987 मध्ये त्यानुसार निवडणुका झाल्या, तेव्हा पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी 73 वी घटनादुरुस्ती व्हायची होती. आज हे प्रमाण निम्मे आहे. अडचण आहे ती मुदतीची. काम अंगवळणी पडेपर्यंत पद संपत आलेले असते. म्हणून अध्यक्षपदाची वाट पाहण्यापेक्षा स्थायी समित्यांकडे लक्ष द्यावे. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य आणि बांधकामे हे विषय कोणत्या समितीकडे आहेत ते विचारून घ्यावे. तेथे जागा मागून घ्यावी.