माळ ओढून मिळतं काय?

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, रोज सकाळी वीस मिनिटं तू तेच एक नाव घेत बसतेस. कंटाळा नाही येत? आणि त्याने तू खरंच आनंदी होतेस का?" मी "नंतर बोलू" म्हणाले. कुकर लावलेला होता, आणि उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं. आज निवांत लिहिते.

कंटाळा येतो. पुष्कळदा येतो. माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर असते, अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही. १०८ मणी आणि वर मेरुमणी, म्हणजे माळ जिथे जुळते तिथला वेगळा मणी. दहाव्या-बाराव्या मण्यापर्यंत माझं मन ऑफिसात पोचलेलं असतं, कालच्या मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते उगाळत. मग अंगठ्याखाली पुढचा मणी सरकतो आणि भान येतं, अरे, आपण नाव घेत होतो. एका माळेत असं वीसदा तरी होतं. आधी वाटायचं, मन भरकटलं, म्हणजे जप वाया गेला. आता वाटतं, त्या वीस वेळा मी परत आले, तेवढाच माझा खरा जप. मेरुमणी आला की ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवून आल्या वाटेने मागे जायचं. आजीने हे शिकवलं तेव्हा मी "का" असं विचारलं नव्हतं. तू विचारतेस, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता आनंदाचं. त्यासाठी तुला आबांची गोष्ट सांगायला हवी. तुला ती अर्धीच माहीत आहे.

आबा आयसीयूत होते तेव्हा तू चार वर्षांची होतीस. मला तिसऱ्या दिवसाचं तिकीट मिळालं. त्या रात्री तू झोपल्यावर मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि देवाशी सौदा केला. ११ माळा करते, आबांना वाचव. पहाटेपर्यंत ११ माळा झाल्या. सकाळी फोन आला, आबा गेले.

परत आल्यावर मी ती माळ कात्री, सेलोटेप आणि जुन्या बॅटऱ्यांच्या खणात टाकून दिली. सात महिने तिला हात लावला नाही. मला राग देवाचा होता की स्वतःचा, आजही नीट सांगता येणार नाही. मग एका सकाळी बर्फ पडत होता, तुझी शाळा बंद होती, तू कागद कापायला कात्री मागितलीस. कात्रीबरोबर माळही वर आली, तिच्या दोऱ्यात सेलोटेपचा तुकडा चिकटलेला. तो सोडवता सोडवता ओठांवर नाव आलं. एक माळ झाली. काहीही मागितलं नाही. काही घडलंही नाही, फक्त चहा गाळताना आबांची आठवण आली आणि त्या सात महिन्यांत पहिल्यांदा मी मोकळी रडले. आपण वेळेत पोचलो नाही, ही टोचणी त्या रडण्यात नव्हती.

म्हणून "जप करा, नोकरी लागेल, आजार बरा होईल" असं कुणी सांगू लागलं की मला पटत नाही. मी तो सौदा करून पाहिलाय. आपल्याकडे सुखाहून वेगळा एक शब्द आहे, समाधान. आजीच्या घरी गोंदवल्याची परंपरा. तिथले ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५–१९१३) स्वतः प्रपंच केलेले, आणि येणाऱ्या संसारी माणसांना ते तेरा अक्षरी रामनाम सांगत. आजीच्या बोलण्यात "समाधान" हा शब्द तिथूनच आलेला. दिवस वाईट गेला तरी आतली बैठक मोडत नाही, एवढाच तिचा त्याचा अर्थ. मला तो रोज लाभतो असं नाही. पण कसा असतो हे आता कळलंय.

आणि हे करायला घर सोडावं लागत नाही, ही मला आपल्या संतांची सगळ्यात मोठी देणगी वाटते. गोरोबा मडकी घडवत होते, जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करत होत्या. सावता माळ्यांचं अरण पंढरपूरहून फार लांब नाही, तरी ते मळा सोडून वारीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, असं सांगतात. पुंडलिकाची गोष्ट तर तुला पाठ आहे. तो आईवडिलांची सेवा करत होता, दारात देव आला, तर त्याने वीट पुढे टाकली आणि म्हणाला, जरा थांब. देव थांबला.

तू माळ घ्यावीस असा माझा आग्रह नाही. तू रात्री वहीत लिहितेस, पहाटे एकटी धावायला जातेस. त्यात तुला असं परत येणं सापडत असेल तर मला सांग, मला ऐकायचंय. आजीची दुसरी माळ कपाटात वरच्या कप्प्यात आहे. मागितलीस तरच देईन.

आणि हो, "तुझ्या जपाच्या वेळी फोन करत नाही" असं म्हणालीस ना? करत जा. मी माळ मांडीवर ठेवून तुझा फोन घेईन. विठोबाला वाट बघायची सवय आहे.

तुझी,
आई