रिबाविरिन चालू असताना उतरलेले हिमोग्लोबिन

आपण विचारले आहे ते असे: आपल्या वडिलांचे वय ६२, सिरोसिस (यकृत निबर होऊन आकसणे), पोटात एकदा पाणी झालेले, सोबत मधुमेह, आणि हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजारासाठी सोफोसबुव्हिर-वेल्पाटासव्हिरची एकत्रित गोळी व रिबाविरिन असा बारा आठवड्यांचा उपचार. तिसऱ्या आठवड्यात हिमोग्लोबिन १२.२ वरून ९.६ वर आले असून जिना चढताना त्यांना धाप लागते. घरची मंडळी सुचवतात की लोहाचे टॉनिक सुरू करावे, नाहीतर सगळ्याच गोळ्या थोडे दिवस थांबवाव्यात. मी डॉक्टर नाही, याच औषधातून गेलेला एक रुग्ण आहे. पण या दोन्ही गोष्टी आपल्या मनाने करू नयेत, एवढे मी ठामपणे सांगेन.

हा अशक्तपणा नेहमीच्या ॲनिमियासारखा नसतो. रिबाविरिन तांबड्या पेशींत शिरते आणि तिथे त्याचे जे रूप तयार होते ते सहजी बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे ते साचत जाते, पेशीची शक्ती खर्ची पडते आणि कमकुवत झालेली पेशी तिची १२० दिवसांची वयोमर्यादा भरण्याआधीच मोडीत निघते. कुंभाराची मडकी भट्टीतून नीट निघतात पण वापरात लवकर फुटतात, तसा हा प्रकार आहे. तिथे आणखी माती आणून देण्याचा काय उपयोग? फुटलेल्या पेशींतले लोह शरीरातच राहते, आणि आधीच दुखावलेल्या यकृतावर जास्तीच्या लोहाचा भार टाकणे बरे नव्हे. सिरोसिसमध्ये अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून थोडाथोडा रक्तस्राव होऊन लोह खरोखरच कमी झालेले असू शकते, हे खरे. पण ते फेरिटिनची, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी, तपासणी करून डॉक्टरांनी ठरवायचे आहे.

टॉनिकचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. २०११ साली मला हिपॅटायटिस सीच्या विषाणूच्या जनुकप्रकार ३ साठी आठवड्याला पेगिलेटेड इंटरफेरॉनचे इंजेक्शन आणि रोज रिबाविरिन असा २४ आठवड्यांचा उपचार चालू होता. पाचव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९.३ झाले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नव्हती, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मीटरच्या पेटीला हात टेकून मी रोज श्वास गोळा करत उभा राहायचो. एका नातेवाइकांनी आणून दिलेले लोहाचे औषध मी कोणाला न विचारता घेतले आणि चौथ्या दिवशी शौचाला काळे झाले. काळे शौच म्हणजे आतला रक्तस्राव, हे मला पक्के सांगितलेले होते, त्यामुळे रात्री अकराला रुग्णालय गाठले आणि पहाटेपर्यंत तिथेच बसलो. लोहाने शौच काळे होते, एवढाच तो प्रकार होता. मला त्यातून फक्त जागरण घडले. आपल्या वडिलांच्या बाबतीत मात्र अशीच काळिमा खऱ्या रक्तस्रावाची खूण झाकून टाकू शकते.

आता गोळ्या थांबवण्याविषयी. विषाणूला मारण्याचे मुख्य काम एकत्रित गोळी करते आणि ती एक दिवसही आपणहून चुकवू नये. हिमोग्लोबिन उतरवणारे औषध रिबाविरिन आहे, आणि त्याचा डोस कमी-जास्त करण्याची सोय आधीपासूनच ठरलेली आहे. हृदयविकार नसलेल्या रुग्णात साधारणपणे हिमोग्लोबिन १० च्या खाली गेले की डोस दिवसाला ६०० मिलिग्रॅमवर आणतात आणि ८.५ च्या खाली गेले की रिबाविरिन बंद करतात. हृदयविकार असेल तर चार आठवड्यांत २ ने झालेली घटसुद्धा डोस कमी करायला पुरेशी मानतात, म्हणून पूर्वी छातीत दुखले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. रिबाविरिन मुळीच सोसले नाही तर त्याच्याशिवाय २४ आठवड्यांचा पर्यायही आहे. थोडक्यात, ९.६ हा आकडा पुढच्या भेटीपर्यंत ठेवून देण्याचा नाही. उपचार केंद्राला तो आजच फोन करून कळवावा.

पहिल्या महिन्यातच घट सर्वांत वेगाने होते, त्यामुळे या काळात रक्ताची तपासणी दर आठवड्याला करून मागण्यात संकोच करू नये. अहवालात बिलिरुबिनही, म्हणजे काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य, थोडे चढलेले दिसेल आणि डोळे पिवळसर वाटतील. त्यातले काही पेशी फुटल्यामुळे असते, पण सिरोसिसमध्ये ते यकृताचे बिघडणेही असू शकते, म्हणून निष्कर्ष आपण काढू नये. रक्तदाब व शिरांसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर नाडी मुद्दाम संथ ठेवलेली असते, तेव्हा नाडी शांत आहे म्हणून त्रास नाही असे समजू नका. छातीत दुखणे, बसल्याजागी धाप, चक्कर येऊन पडणे, रक्ताची उलटी, काळे शौच किंवा बोलण्यात भ्रम, यांपैकी काहीही झाले तर तडक रुग्णालयात न्यावे.

घरात करण्यासारखे पुष्कळ आहे. रिबाविरिन सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर द्यावे. आंघोळ स्टुलावर बसून, फार कढत पाणी न घेता करू द्यावी, कारण उभे राहून गरम पाण्याने आंघोळ करतानाच अनेकांना भोवळ येते. अंग दुखते म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. आता अळिवाचे लाडू आणि खजूर सगळीकडून येऊ लागतील. मधुमेह्याला गुळाचे लाडू रोज चारून हिमोग्लोबिन वाढणार नाही, साखर मात्र वाढेल. डाळ, अंडी, दही, पनीर असे प्रथिनांचे पदार्थ पोटभर द्यावेत आणि मीठ डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच ठेवावे.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पेशी लवकर फुटत असल्यामुळे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा या काळात खोटा कमी येतो. तो पाहून मधुमेहाच्या गोळ्या कमी करू नका. घरच्या यंत्रावर बोटाच्या थेंबातून साखर मोजा आणि ते आकडे वहीत लिहून भेटीला घेऊन जा.

घरात गरोदर किंवा मूल होऊ पाहणारी कोणी असेल तर रिबाविरिन गर्भाला घातक असल्याने फुटलेल्या गोळ्या तिने हाताळू नयेत. हे औषध घेणारे जोडपे तरुण असेल, तर ते दोघांपैकी कोणीही घेत असले तरी उपचारभर आणि नंतरही डॉक्टर सांगतील तितके महिने गर्भधारणा टाळायची असते.

माझे हिमोग्लोबिन उपचार संपल्यावर सुमारे दोन महिन्यांनी १३ च्या वर गेले. आपल्या वडिलांचा पुढचा अहवाल आला की मूळ वजन, रिबाविरिनचा सध्याचा डोस आणि फेरिटिन या तीन गोष्टींसह इथे लिहा.